डाव्या हाताची पोर

मी जन्माचीच डावखुरी. आता या वयात कुणाला सांगितलं तर लोक कौतुकानं बघतात. माझी नात तर मैत्रिणींना मुद्दाम घरी आणते, आजी डाव्या हातानं कशी झरझर लिहिते ते दाखवायला. मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. हेच कौतुक साठ वर्षं आधी वाट्याला आलं असतं तर माझं बालपण बरंच सोपं गेलं असतं.

आमचं गाव बेंबळी. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडं, आमची दहा-बारा ख्रिस्ती घरं होती आणि बाबा तिथले उपदेशक होते. पत्र्याचं एक लांबट छप्पर होतं. त्यात रविवारी उपासना आणि बाकीचे दिवस पोरांची शाळा, दोन्ही बाबाच चालवायचे. मिशनचे गोरे साहेब आपापल्या मुलखाला निघून गेले होते. मागं उरलेल्यांना मात्र याच गावात राहायचं होतं, आणि बाबांच्या मनाला सदोदित तीच काळजी. आपल्या माणसांकडं कुणी बोट दाखवता कामा नये. कपडे धुतलेले, अंगण सारवलेलं, बोलणं नमतं. "मिठासारखं गावात विरघळून राहा," असं ते मंडळीला, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या आम्हा सगळ्यांना, सांगायचे. विरघळल्यावरही मीठ खारटच लागतं, हे त्यांच्या उपदेशात कधी आलं नाही.

मी सहा वर्षांची असेन. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांनी बाबांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. त्याआधी गावातल्या कार्यात आमच्या लोकांना वाढायचं ते मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या अंगाला. या वेळी मांडवात, पंगतीला. अगदी शेवटच्या टोकाला का होईना, पण पंगतीला. आईनं मला चोळून चोळून न्हाऊ घातलं, बाबांनी ठेवणीतला कोट काढला. पत्रावळीवर भात आला, वरण आलं, मग बुंदी आली. आणि मी बुंदी डाव्या हातानं उचलून तोंडात टाकली.

वाढपी जागच्या जागी थांबला. "आगं ये, डाव्या हातानं?" आणि मग वळून दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांच्यात आसंच आसतंय वाटतं." पंगतीत हशा पिकला. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपली पत्रावळ हळूच पलीकडं सरकवली. आम्हाला कुणी उठवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण बाबांनी त्यानंतर एकही घास खाल्ला नाही. नुसता भात कालवत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून घेतला. जेवायला बसलं की त्या काठानं माझा डावा हात कमरेशी बांधायचे. मारलं कधीच नाही, उलट गाठ मारताना विचारायचे, "दुखत नाही ना बाई?" मला त्या विचारण्याचाच जास्त राग यायचा. दुखत नव्हतंच. दुखलं असतं तर ओरडता तरी आलं असतं. आई चुलीपुढं पाठ करून बसायची आणि भाकरी थापण्यात फार लक्ष असल्यासारखं दाखवायची.

वर्षभरात मी उजव्या हातानं जेवायला शिकले. लिहायलाही शिकले, पण अक्षर असं की उपदेशकाच्या पोरीचं म्हणून दाखवायची सोय नाही. दळण असो, निवडणं असो, सुईत दोरा ओवणं असो, सगळ्यांत मी मागं. बायका आपसांत म्हणायच्या, पोर जरा मंदच दिसते. पुढं पुढं मलाही तसंच वाटायला लागलं. त्या वर्षांतली हीच गोष्ट मला अजून सलते. हात बांधला त्याचं एवढं काही नाही, पण मी स्वतःला मंद समजून बसले होते.

हात मोकळा असायचा तो फक्त अव्वांच्या शेतात. अव्वा म्हणजे ओढ्यापलीकडच्या लिंगायत घरच्या मालकीण. घरात कानडी बोलायच्या, शेतात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. लहानथोर सगळं गाव त्यांना अव्वाच म्हणायचं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला त्या मला बोलवायच्या. मला पाणी त्या वरूनच ओतायच्या, भांड्याला हात लावू द्यायच्या नाहीत. हुरडा मात्र गरम गरम माझ्या ओंजळीत चोळून टाकायच्या. अव्वांचं सगळं असंच होतं, थोडं इकडं, थोडं तिकडं.

शेताच्या मध्यावर चार मेढींवर बांधलेला माळा असायचा. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची. दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरं टोक चिमटीत धरायचं, मधल्या विणलेल्या पट्टीत खडा, डोक्यावर दोन गरके, आणि टोक सोडून द्यायचं. सुटताना फाट्‌कन आवाज होतो आणि पाखरं उठतात. पहिल्या दिवशी मी गोफण उचलली ती आपसूक डाव्या हातात. खडा शेताच्या पार कडेला बोरीच्या झुडपात जाऊन पडला. अव्वा कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "उजव्याची गोफण पाखरं वळखतेत. तुजी कुठून येती त्येच त्यायला कळंना झालंय."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या डाव्या हाताला बरं म्हणत होतं. मी दिवसभर गोफण फिरवली. रात्री खांदा असा भरून आला की कूस बदलता येईना, पण मला फार आनंद झाला होता. घरी मात्र कुठल्या हातानं पाखरं राखली ते सांगितलं नाही.

मी तेरा पूर्ण केली तेव्हा प्रभुभोजनाच्या शिकवणीला बसले. सोलापूरहून मोठे पाळक वर्षातून दोनदा यायचे आणि त्यांच्या हस्ते नव्या मुलांना मंडळीत घेतलं जायचं. त्याआधी शिकवण पाठ करायची, पंचांसमोर म्हणून दाखवायची, मग त्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, थाळीतली भाकर आणि प्याला मिळायचा. आम्ही चौघं होतो. मला त्या थाळीची ओढ फार होती. लहानपणापासून मी ती दुरून बघत आले होते. मोठी माणसं एकेक तुकडा उचलायची, हातात धरून थांबायची, आणि सगळ्यांना मिळाल्यावर एकदम खायची. त्या थांबण्यात मला काहीतरी दिसायचं. इथं कुणाची पत्रावळ सरकवली जात नाही, एवढं तर नक्कीच.

मंडळीचा कारभार बघणारे पंच एकच, तेव्हा साठीला आलेले. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, प्रार्थनेला उभे राहिले की आवाज ओढ्यापलीकडं जायचा. त्यांनी विचारलेलं सगळं मी न अडखळता सांगितलं. देवानं आपल्याला आईच्या पोटातच घडवलं हेही सांगितलं. ते खूश झाले. मग म्हणाले, आता भाकर कशी घेशील ते दाखव, आणि रिकामी थाळी पुढं केली. सगळी उत्तरं बरोबर आल्याच्या भरात माझा डावा हात पुढं गेला.

पंचांनी थाळी मागं घेतली.

"पोरी, शेवटल्या दिवशी मेंढरं कुठं उभी ऱ्हातील?"

"उजवीकडं."

"आन् शेरडं?"

"डावीकडं."

"मग?"

न्यायाच्या दिवशी देव मेंढरं जवळ घेतो आणि शेरडं टाकून देतो, हे मला पाठ होतं. पण मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "आमच्या घरी दोन शेरडं हायत. मेंढरू एकबी न्हाय."

पोरं खुदकन हसली. पंच हसले नाहीत. बाबा तर असे उभे राहिले की त्यांच्याकडं बघवेना. पंचांनी मला बाहेर जायला सांगितलं, पण पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. "म्या काय पोरीचं वाईट व्हावं म्हनतो व्हय, उपदेशक?" ते म्हणत होते. "माज्या लेकाला ह्याच गावानं हिरीवरून हाकललंय. आता कुठं जरा जवळ करू लागलेत. उद्या म्हनतील, ह्यांच्या देवळात देवाचा घासबी डाव्या हातानं खातेत. त्यांच्या हातात काठी कशाला द्यायची? एक महिना ह्या पोरीनं डावा हात कशालाच उचलायचा न्हाय. जमलं तर घेऊ. न्हाय जमलं तर पुढल्या साली बघू."

 बाबा म्हणाले, "बरं."

त्या एका शब्दानं मी रडले. पंचांचा राग आला नव्हता, त्यांची भीती खरी होती. पण बाबा शिकवताना सांगायचे की देवानं प्रत्येकाला आपल्या हातानं घडवलं, आणि घडवलेल्यातला एक हात तेवढा चुकलाय असं मान्य करून ते बाहेर आले होते. मी त्यांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "तू अजून लहान आहेस."

लहान असल्याचं कळल्यावर मी लहानांनी वाचू नये ते वाचायला घेतलं. शास्त्रातले काही अध्याय बाबा आम्हाला वाचू द्यायचे नाहीत, मारामाऱ्यांचे, रक्तपाताचे. मी नेमके तेच काढले. आणि अशाच एका भयंकर अध्यायात, लढाईच्या धामधुमीत, मला ते भेटले. एका वंशातले सातशे निवडक लोक, सगळे डावखुरे, आणि सगळे गोफणवाले. केसावर नेम धरला तरी चुकायचा नाही असे. मी ती ओळ बोट ठेवून चारदा वाचली.  शास्त्रात माझ्यासारखं कुणी होतं, तेही एक नाही, सातशे. कुणी त्यांचे हात बांधल्याचं लिहिलेलं नव्हतं.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पुस्तक मिटलं. "ते लढाईतले लोक," ते म्हणाले. "आपल्याला गावात राहायचंय." अव्वांना सांगितलं तर त्यांनी डोळेच मोठे केले. "तुमच्या देवाच्या पोथीत गोफण हाय? मंग तुमचा देव कुणब्याचाच म्हनायचा." आणि जास्तीचा हुरडा दिला.

पण महिना तर पाळायचा होता. मी माळ्यावर उजव्या हातात गोफण घेऊन उभी राहू लागले. माझे खडे मागं जायचे, बाजूला जायचे, एकदा तर खालच्या घागरीवर बसला आणि घागर फुटली. पाखरं निवांत दाणे टिपत बसायची. अव्वांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोरी, तुज्या देवाचं काय आसंल ते आसू दे, पर माजी ज्वारी जायली." उद्यापासून येऊ नको, असं अजून म्हणाल्या नव्हत्या, पण ते ओठांवर आलं होतं.

त्याच दिवशी दुपारी बाबा शेतात आले. लोहाऱ्याला कुणा आजाऱ्यासाठी प्रार्थनेला गेले होते, एसटीतून फाट्यावर उतरून मधल्या वाटेनं येत होते. मला बघून थांबले. माळ्यावर चढून माझ्याजवळ टेकले, घाम पुसला, घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. आणि तेवढ्यात भोरड्यांचा थवा आला. भोरड्या येतात ते शेकड्यांनी. आधी आभाळात ढगासारखं काहीतरी वळतं, मग अख्खं शेत काळं-गुलाबी होतं आणि तासाभरात कणसं बोडकी. खालच्या बांधावरून अव्वा दोन्ही भाषांत ओरडत धावत होत्या.

मी उजव्या हातानं गोफण फिरवली. दोरी मनगटाला गुंडाळली गेली. पुन्हा फिरवली, खडा पायाशीच पडला. मला रडू फुटलं. डावा हात मी पाठीमागं घट्ट धरून ठेवला होता, आणि भोरड्या कणसांवर झुलत होत्या.

बाबांनी माझ्या हातातून गोफण घेतली.  फास बोटात अडकवला, खडा घातला, गरका दिला. फाट्‌कन आवाज झाला आणि निम्मं शेत एकदम उठलं. दुसरा खडा. तिसरा. चौथ्याला थवा वळून ओढ्याच्या दिशेनं निघून गेला. बाबा धापा टाकत होते, पण चेहरा असा मोकळा की मी तो कधी पाहिला नव्हता. मग माझं लक्ष गेलं. फास त्यांच्या डाव्या हाताच्या बोटात होता.

त्यांचंही लक्ष तेव्हाच गेलं असावं. ते हाताकडं बघत हळूहळू खाली बसले.

"बाबा, तुमीबी?"

ते गोफणीची दोरी सरळ करायला लागले. मग बोलले, शेताकडं बघत. ते सात वर्षांचे असताना त्यांना दूरच्या ख्रिस्ती वसतिगृहात ठेवलं होतं. तिथल्या मास्तरांनी जेवताना आणि लिहिताना त्यांचा डावा हात पाठीशी बांधला, दोन वर्षं. गोफण त्याआधीची, त्यांच्या आईनं शिकवलेली. "मास्तर चांगले होते," ते म्हणाले. "विचारायचे, दुखत नाही ना म्हणून. मला वाटलं होतं, तो हात गेला."  पंचांना सांगतो असं म्हणाले नाहीत, महिना मोडू दे असंही नाही. गोफण माझ्या मांडीवर ठेवून उतरून गेले. मी त्यांच्यावर इतकी वर्षं रागावले होते, आणि आता एकाएकी त्यांची फार दया आली.

राहिलेले दिवस मी निमूट पाळले. अव्वांना सांगून शेतही सोडलं. त्यांनी हुज्जत घातली नाही.

मोठे पाळक आले तो रविवार थंडीचा होता. आईनं प्याल्यासाठी मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून रस गाळून ठेवला होता. धाराशिवहून एसटीतून पाव आला होता, त्याचे बोटभर तुकडे करून पितळी थाळीत मांडले होते. सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, आणि पुढं आम्ही चौघं. पंचांनी मोठ्या पाळकांना सांगितलं की मुलांनी सगळं पाळलंय. सांगताना माझ्याकडं बघून मान हलवली, मायेनंच. मोठ्या पाळकांनी भाकर मोडून आशीर्वाद मागितला आणि थाळी बाबांच्या हातात दिली. फिरवायचं काम नेहमी बाबांचंच.

मी पहिली होते. बाबा माझ्यासमोर आले. मी उजवा हात पुढं केला, ठरल्याप्रमाणं.

थाळी खाली आली नाही.

मला वाटलं मी हात नीट धरला नाही, म्हणून आणखी पुढं केला. तरी थाळी वरच.  महिन्याभरात मी दोनदा विसरून डाव्या हातानं डोकं खाजवलं होतं, एकदा पडती कळशी सावरली होती. बाबांना ते कळलंय, आणि ते मला मंडळीत घेत नाहीत, असंच माझ्या मनानं घेतलं. सगळे बघत होते. मी हात मागं घ्यायला लागले.

तेव्हा बाबा वाकले. बोलले हळूच, पण पत्र्याखाली सगळ्यांना ऐकू गेलं.

"तो नव्हे, बाई. तुझा दे."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते थट्टा करत नव्हते आणि रागावलेलेही नव्हते. मी डावा हात पुढं केला. तुकडा दोनदा निसटला. बाबा थाळी स्थिर धरून उभे राहिले. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा ते पुढच्या मुलाकडं वळले.

पंच उठले. जड पावलं टाकत दारापर्यंत गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले. बाबांनी तिकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, ती लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. तरी त्यांनी थाळी शेवटच्या माणसापर्यंत नेली. दारात जाऊन पंचांसमोरही धरली. पंचांनी बराच वेळ थाळीकडं पाहिलं, मग उजव्या हातानं तुकडा घेतला आणि तिथंच उभे राहिले, ना आत ना बाहेर.

सगळ्यांत शेवटी बाबांची पाळी. त्यांनी थाळी मोठ्या पाळकांकडं परत दिली, पाळकांनी ती त्यांच्यापुढं केली, आणि बाबांनी डावा हात पुढं केला. चाळीस वर्षं त्या हातानं त्यांनी घास उचलला नव्हता. बोटं वळेनात. तुकडा सतरंजीवर पडला. आई चटकन अर्धी उठली. बाबांनी उजवा हात मांडीशी तसाच ठेवला, वाकले, आणि डाव्यानंच तो उचलायला लागले. एकदा सुटला, मग हाती आला.

मोठ्या पाळकांनी लगेच "घ्या" म्हटलं नाही. ते थांबले, आणि सगळी मंडळी आपापला तुकडा हातात धरून थांबली. बाबा ताठ झाले, तुकडा नीट धरला. मग आम्ही एकदम खाल्लं.